मदत हवी आहे: रिमोट सेन्सिंगची पीएचडी सोडून नोकरी धरू का? शुक्रवारपर्यंत सांगायचंय

खाजण_ऐरोली
घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. पीएचडी चालू आहे, विषय रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास. एका कंपनीची ऑफर आलीये, शुक्रवारी हो-नाही कळवायचंय. फेलोशिप संपत आलीये. आणि सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमांचं वर्गीकरण खाडीत काही केल्या जमत नाही, अचूकता ७० टक्क्यांच्या वर सरकतच नाही. शेवटचं प्रकरण त्यावरच अडलंय. सोडू की रेटू? या क्षेत्रात वर्षं काढलेल्यांनीच लिहा. "मनाचा कौल घे" वगैरे नको, तो आई रोज देते.

कोपरीकर
कुठली खाडी? पीएचडीचं कितवं वर्ष? मूळ शिक्षण कशातलं? कंपनी काय करते? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून बसल्यासारखं झालं हे.

घणसोली_एक्स्प्रेस
भाऊ, गेट परीक्षा द्या. २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (मोजणी-नकाशे-उपग्रह) स्वतंत्र पेपर आहे. चांगला स्कोअर आला तर पवईला आयआयटीत सीएसआरई हे याच विषयाचं केंद्र आहे, ऐरोलीहून पूल ओलांडला की अर्धा तास. मी दोनदा दिला होता.

कोपरीकर
"लिहितेय" म्हणाल्यात त्या, भाऊ कसले! आणि पीएचडीत असलेल्या माणसाला परत एमटेकच्या प्रवेशाला कशाला पाठवताय? अर्ध्या तासाचं तर बोलूच नका, संध्याकाळी सहाला त्या पुलावर उभे राहून दाखवा.

घणसोली_एक्स्प्रेस
गेटवर पीएचडीलाही प्रवेश मिळतो. माहिती नसेल तर बोलू नये.

खाजण_ऐरोली
ठाणे खाडी, विटाव्यापासून वाशी पुलापर्यंत. भूगोलात एमएस्सी, नेट-जेआरएफ, चौथं वर्ष संपतंय. खारफुटी, उघडा चिखल, पाणी आणि बांधकाम असे चार वर्ग. खारफुटी बरी येते. चिखल आणि पाण्याचा नुसता काला होतो. प्रतिमा पडताळायला जमिनीवरचे ३१२ जीपीएस बिंदू मी स्वतः घेतलेत, गुडघाभर चिखलात, परवानगी काढून. गाईड गेल्या वर्षी निवृत्त झाले. फेलोशिप पाच महिने आलेली नाही, ते रडगाणं वेगळं. कंपनी पीकविम्याचं काम करते आणि आता कार्बन क्रेडिटमध्ये (झाडांनी शोषलेल्या कार्बनचा व्यापार) उतरतेय.

रडारभक्त
मग प्रश्नच नाही, ऑप्टिकल, म्हणजे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह सोडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांशिवाय दिसतं काय? सेंटिनेल-१ घ्या, रडार ढगातून आरपार बघतं. आता तर नासा-इस्रोचा रडार उपग्रह निसारही आहे, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची. सेंटिनेल-१ चा आखूड लहरीचा सी-बँड शेंड्यालाच अडतो, हा पानांतून खाली खोडापर्यंत जातो. खारफुटीवर काम करणाऱ्याने २०२६ मध्ये सेंटिनेल-२ धरून बसणं म्हणजे कमाल आहे.

दिवा_कोळीवाडा
ढगांची अडचण आहे असं त्या कुठे म्हणाल्या? ताई, एकच विचारतो. प्रतिमा निवडताना तिथी बघितली होती का?

खाजण_ऐरोली
तिथी? ढग १० टक्क्यांपेक्षा कमी, एवढंच बघितलं.

दिवा_कोळीवाडा
तिथेच गोची आहे. मी सॉफ्टवेअरमधला, पण बाबा अजून होडी घालतात. आमच्याकडे लहानपणी पाऊणकी शिकवतात ती भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी, आठ पाउणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमा, पंधरा पाउणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला पाणी भरलेलं. खाडीत आत आलात की थोडा उशीर धरायचा.
आता तुमचा उपग्रह आपल्यावरून किती वाजता जातो? मी शोधलं तर सकाळी अकराच्या सुमारास, आणि दर वेळी त्याच सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या प्रतिमेत तो नेहमी भरलेली खाडी बघणार. तुम्ही चिखलात उतरलात ओहोटीला. बिंदूवर लिहिलंय "चिखल", प्रतिमेत आहे पाणी. संगणक बिचारा काय करणार?

कोपरीकर
+१. चार वर्षांचं काम आणि उत्तर कालनिर्णयात. वाचनखूण साठवली.

पारसिक_टेकडी
बरोबर, पण अर्धंच. सप्तमी-अष्टमीला अकरा-बाराला ओहोटी असते हे खरं, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, असतो, पाणी फार उतरत नाही. उधाणाची खरी खोल ओहोटी पहाटे-संध्याकाळी येते आणि अकराला जाणाऱ्या उपग्रहाला ती कधीच दिसत नाही. फ्लेमिंगो ज्या पट्ट्यावर चरतात त्याची बाहेरची कड सेंटिनेल-२ मधून मिळणारच नाही, कितीही वर्षांच्या प्रतिमा घ्या. प्रबंधात हे मर्यादा म्हणून लिहिलं नाही तर परीक्षक सोलून काढतील.
उलट सेंटिनेल-१ आपल्याकडे सकाळी सहा-साडेसहाला येतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांतला मिळाला तर चिखल उघडाच्या उघडा. तेव्हा रडारभक्त यांचं औषध बरोबर, निदान चुकलं.

रडारभक्त
औषध लागू पडल्याशी मतलब.

पनवेल_गुंठा
उपग्रहवाले भेटले म्हणून विचारतो. कर्जतला अकरा गुंठे घेतोय. शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलंय असा संशय आहे. उपग्रहाच्या फोटोवर हद्द दिसेल का? जुने फोटो फुकट मिळतात म्हणे.

पारसिक_टेकडी
लँडसॅटचे १९७२ पासूनचे फुकट मिळतात, पण एक पिक्सेल ३० मीटरचा, अगदी सुरुवातीचे त्याहून ढोबळ. सेंटिनेलचा १० मीटरचा. तुमचं कुंपण दोन फूट सरकलं असेल तर दोघांनाही कळणार नाही. सातबारा घेऊन भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज करा.

खाजण_ऐरोली
धागा माझा आहे हो. तिथीचं आजच तपासते. पण नोकरीचं कोणी बोलणार का?

वर्तकनगर_काका
मी बोलतो. १७ मार्च १९८८ ला बायकोनूरहून आयआरएस-१ए गेला तेव्हा मी नवा होतो. त्याचा चांगला कॅमेरा म्हणजे ३६.२५ मीटर, आमची अख्खी सोसायटी दोन-तीन पिक्सेलमध्ये संपेल. छापील एफसीसी (झाडझाडोरा लाल दाखवणारी कृत्रिम रंगांची प्रतिमा) लाइट टेबलवर ठेवायची, वर ट्रेसिंग पेपर, आणि लाल रंगाच्या छटांवरून पेन्सिलीने शेत कुठलं, रान कुठलं, रेघा मारायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं.
या देशात हे सगळं सुरू झालं नारळापासून. भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक पिशारोटी सरांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर नारळीच्या बागा टिपल्या, मुळांच्या रोगासाठी. त्या लोकांना झाडं ओळखता येत होती म्हणून फिल्मवरचा फरक कळला. मी निवृत्त झालो तेव्हा शिकलेलं एकही सॉफ्टवेअर चालू राहिलं नव्हतं, पण माझ्या फील्डच्या डायऱ्या मागायला मुलं अजून घरी येतात.
आता नोकरी. पीकविम्यात काम खरंच आहे. २०२३ च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाच्या अंदाजात उपग्रहाच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन दिलंय, माणसं लागणारच. पण पोरी, खारफुटीवाली मुलगी त्यांना नेमकी कशाला हवी? मुलाखतीत काय विचारलं?

खाजण_ऐरोली
काका, अर्धा वेळ बिंदूंवरच बोलत होते. "रुजू होताना डेटासेट सोबत आणाल ना?" असं दोनदा विचारलं. मला तेव्हा बरंच वाटलं, कामाची कदर झाली म्हणून.

कोपरीकर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो!!

वर्तकनगर_काका
ते बिंदू फेलोशिपच्या पैशातून आणि विद्यापीठाच्या नावे काढलेल्या परवानगीवर घेतलेले. तुझ्या एकटीचे नाहीत, कंपनीचे तर नाहीतच. कार्बन क्रेडिटला जमिनीवरचा पुरावा लागतो आणि तो चिखलात उतरल्याशिवाय मिळत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आधी गाईडना फोन कर. लेखी काहीही कबूल करू नकोस.

घणसोली_एक्स्प्रेस
पण मोठ्या पगारापुढे ३१२ बिंदूंचं काय घेऊन बसलात? नवे घेता येतील.

दिवा_कोळीवाडा
तुम्ही या एकदा आमच्या बंदरावर. बारा बिंदू घेऊन दाखवा, होडी मी देतो.

पारसिक_टेकडी
मधला मार्ग: नोंदणी २०२२ च्या यूजीसी नियमांखाली असेल तर सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, स्त्रियांना त्यावर दोन. अर्धवेळ पीएचडीही त्यात मान्य आहे. पूर्णवेळची अर्धवेळ करता येते का ते विद्यापीठात विचारा. फेलोशिप मात्र रुजू झाल्या दिवशी बंद.

खाजण_ऐरोली
गुरुवार रात्र. सरांना फोन केला, ते काकांसारखंच बोलले, फक्त जास्त चिडून. कंपनीला मेल टाकलाय: बिंदू येणार नाहीत, मी येऊ शकते, अर्धवेळची परवानगी मिळाली तर. अजून उत्तर नाही, सकाळी मात्र दर तासाला फोन येत होते.
तिथी लावून चाळणी केली. ४१ प्रतिमांतल्या २३ पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या निघाल्या. त्या काढल्या, फक्त षष्ठी ते अष्टमीच्या नऊ ठेवल्या. ७० वरून ७६. रडारच्या प्रतिमा उतरवायला लावल्यात. दिवा_कोळीवाडा, बाबांना विचाराल का, विटाव्याकडे आत भरतीला नेमका किती उशीर होतो?

दिवा_कोळीवाडा
विचारलं. म्हणाले, घड्याळ नको सांगूस, होडीतच घेऊन ये तिला. रविवारी पहाटे?

पनवेल_गुंठा
मोजणीला किती दिवस लागतात साधारण?