मदत हवी आहे: तौलनिक राजकारणासाठी पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी. मुक्काम कोल्हापूर. बी.कॉम. होऊन आठ वर्षं झाली, दिवसभर लोकांचे हिशेब लिहितो, आणि यंदा बाहेरून राज्यशास्त्रात एम.ए. करायचं डोक्यात घेतलंय. बाकीचे पेपर निभतील, तौलनिक राजकारणावर गाडी अडलीय.

महाद्वार रोडवरून एक जुनं मराठी गाईड आणलं. आधी ब्रिटनच्या घटनेची वैशिष्ट्यं, मग अमेरिकेची, मग स्वित्झर्लंडची, आणि शेवटी सोव्हिएत संघाची १९७७ ची घटना! तो देश १९९१ लाच मोडला, गाईडवाल्यांपर्यंत निरोप पोचलेला दिसत नाही. ते जाऊ दे. पण चार देश शेजारी शेजारी बसवले की तुलना झाली का? मला पडलेला प्रश्न असा: भारत-पाकिस्तानला इंग्रजांची तीच नोकरशाही, तेच कायदे, तीच फौज वाटून मिळाली. मग १९५८ ला तिकडे मार्शल लॉ आणि इकडे निवडणुका सुरूच, हे कशानं? असल्या प्रश्नाला हात कसा घालायचा ते शिकवणारं पुस्तक हवंय.

तीन नावं कानावर आलीत: पॅट्रिक ओनील, हेग-हॅरप, आणि दानिएले कारामानींनी संपादित केलेलं जाडजूड. इंग्रजी वाचतो, पण शब्दकोश उशाशी लागतो. एकच घ्यायचं तर कुठलं? जुनी आवृत्ती चालेल?

प्रतिसाद १
ओनील घ्या. तिघांत बारीक आणि भाषा सोपी. राज्यसंस्था, राष्ट्र, अर्थकारण, लोकशाही अशी संकल्पनांवर प्रकरणं आहेत, देशांची माहिती वेगळ्या जोडपुस्तकात. हेग-हॅरप विधिमंडळ, पक्ष, निवडणुका यांना बरं, पेपरात उपयोगी पडेल. कारामानीत प्रत्येक प्रकरण वेगळ्या अभ्यासकाचं, सुरुवातीलाच धरलंत तर दमाल. फक्त त्यातलं संशोधनपद्धतींचं प्रकरण कुठूनतरी मिळवून वाचा, तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धत ती हीच: बाकी सगळं सारखं आणि निकाल वेगळा, तर जे एक वेगळं आहे ते हुडका. गोम अशी की इथं बाकी सगळं सारखं नव्हतंच. काँग्रेसची बांधणी गावोगाव होती. मुस्लिम लीगचा जोर असलेला संयुक्त प्रांत (साधारण आजचा उत्तर प्रदेश) भारतातच राहिला. आपली घटना १९५० ला लागू झाली, त्यांची १९५६ ला, आणि ती दोन वर्षांत गुंडाळली.

जुनी आवृत्ती संकल्पनांना चालते. दुकानात उभ्या उभ्या फ्रान्स बघा: अध्यक्षाची मुदत सात वर्षं छापली असेल तर खाली ठेवा. २००० च्या सार्वमतानं ती पाच केली.

धागाकर्ता
आभारी आहे, भावा. ओनील ठरलं. आता एवढंच सांगा कुणीतरी, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला बसून वाचू देतात का? रविवारचं जमलं तर सोन्याहून पिवळं.