ॲम्बेसिडर मार्क ३ : बेल हाउसिंगखाली ऑइल, इंजिन उतरवायचं का?

पेठेतली_ॲम्बी :
गाडी १९७८ ची, मूळ १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. रात्रभर उभी राहिली की बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) बरोबर खाली तळहाताएवढा डाग पडतो. कात्रजचा घाट चढून आल्यावर तर दुप्पट. ऑइल २०डब्ल्यू४०, काडीवर वरच्या खुणेच्या थोडं वरच ठेवलंय. महिन्याला अर्धा लिटर टाकावं लागतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) पॅकिंग दोनदा बदललं तरी कडेला ओल आहेच. मेकॅनिक म्हणतो, मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवा. क्लच अजून घसरत नाही. उतरवण्याआधी काय काय बघावं?

आडवा_पाना :
मागचं सील गेलं कुठून, या इंजिनाला मागे सील नाहीच! बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) जुनं बी-सिरीज इंजिन आहे हे, क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) तीन मेन बेअरिंगवर पेललेला. क्रँकच्या मागच्या टोकाला उलट्या आट्यांसारखी चरी कापलेली असते. क्रँक फिरताना ती ऑइल परत चेंबरकडे (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ढकलते. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी नाही, म्हणून चार-दोन थेंब पडणारच, ते धरून चाला. डाग तळहाताएवढा झाला तर कारण चारपैकी एक: ऑइल जास्त भरलंय, आतला दाब वाढलाय, मेन बेअरिंग झिजलीय, किंवा ऑइल वरून कुठून तरी ओघळत मागे येतंय. शेवटचं सर्वांत जास्त वेळा निघतं.

आधी इंजिन धुवा. गार इंजिनावर रॉकेल आणि ब्रश, मग कोरडं पुसून सांध्यांवर टाल्कम पावडर फुंकायची. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. ओली रेघ सर्वांत वर जिथे सुरू होते तिथे गळती, खाली थेंब कुठे पडतो याला अर्थ नाही. पंख्याचा वारा ऑइल मागेच ढकलतो. ऑइलची पातळी आजच दोन खुणांच्या मध्ये आणा.

चेंबर_ते_बॉनेट :
माझा पहिला संशय मागच्या साइड कव्हरवर. मॅनिफोल्डखाली (कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचे पाइप जोडणारा भाग) ब्लॉकला पत्र्याची दोन झाकणं असतात, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बाजूला. मागच्यातून पाझरलेलं ऑइल ब्लॉकवरून सरळ बेल हाउसिंगवर उतरतं आणि हुबेहूब 'मागचं सील' वाटतं. मॅनिफोल्ड काढायचा कंटाळा म्हणून तिथे कुणी हात घालत नाही. झाकण मधल्या बोल्टवर बसतं. तो आवळला की पत्रा मधे दबतो, कडा उचलतात, गळती वाढते, मग अजून आवळतात. जेमतेम २ फूट-पाउंड (टॉर्क पान्यावरचा आवळण्याचा जोर) पुरे.

टॅपेट कव्हरचंही दुखणं तेच. पॅकिंग बदलण्याआधी कव्हर काचेवर पालथं ठेवून बघा, डुगडुगलं तर कड वाकलीय. लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातोडीने सरळ करा. जुनं पॅकिंग आणि शेलॅक खरवडून काढा. कॉर्कचं नवं पॅकिंग फक्त कव्हरला चिकटवायचं, हेडच्या बाजूला ग्रीसचं बोट. दोन्ही नटांखालचे रबरी बुश आणि कपवायसर नवे टाका, निम्मी गळती तिथूनच असते. नट ४ फूट-पाउंड. नाना पेठेत पॅकिंग घेताना दुमडून बघा, कॉर्क सुकून तडकत असेल तर परत द्या.

आणि कृपा करून सिलिकॉन थापू नका. आत सुटलेला गोळा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, बेअरिंगला ऑइल पोचत नाही. गळती परवडली, बेअरिंग नाही.

ब्रीदर_बघा_आधी :
घाट चढल्यावर डाग दुप्पट, यातच अर्धं उत्तर आहे. पुढच्या साइड कव्हरला ब्रीदरची (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी) नळी आहे, ती चिखलासारख्या काजळीने तुंबते. काढून रॉकेलमध्ये भिजवा, आरपार फुंकून बघा. मग इंजिन गरम करून आयडलवर ऑइल फिलरचं झाकण नुसतं वर ठेवा. ते थडथड नाचलं आणि धुराचे झोत आले तर पिस्टनच्या रिंगमधून दाब खाली येतोय. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने आधी कोरडं मोजा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. आकडा चांगला चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. अशा वेळी कुठलंही पॅकिंग टिकत नाही, दाब वाट शोधतोच.

पेठेतली_ॲम्बी :
धुऊन, पातळी उतरवून बघतो. चेंबरचं पॅकिंगही जुनंच आहे. आणि पुलीच्या मागे थोडी ओल दिसतेय, ती वेगळी का?

आडवा_पाना :
वेगळी. ते टायमिंग कव्हरचं सील. पुली काढल्यावर जिथे सील घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, लेथवर बाही (पातळ धातूची नळी) बसवून घ्या. कव्हरचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली आत सरकवा, म्हणजे सील मध्यावर येतं, मग बोल्ट आवळा. उलटं केलं की पहिल्याच आठवड्यात ओल. आतली ऑइल थ्रोअरची (ऑइल सीलपासून दूर उडवणारी) चकती जुन्या फेल्टच्या कव्हरची आणि नव्या रबरी सीलच्या कव्हरची वेगळी असते, सरमिसळ नको. 'एफ' कोरलेली असेल तर ती बाजू पुढे.

चेंबरला दोन्ही टोकांच्या मेन कॅपवर (मेन बेअरिंगची खालची टोपी) कॉर्कच्या पट्ट्या असतात. त्या दीडेक मिलिमीटर वर राहिल्या पाहिजेत, समतल कापल्या की दबत नाहीत. बोल्ट मधून बाहेर, ६ फूट-पाउंड, गाडी तापून गार झाली की पुन्हा एक फेरी. चेंबर उतरलाच आहे तर मागच्या मेन कॅपचं ऑइल परत जायचं भोक तारेने साफ करा. ते बुजलं की चरीने ढकललेलं ऑइल जाणार कुठे?

चेंबर_ते_बॉनेट :
ऑइल फिल्टर कॅनिस्टरचा (डबा तोच, आतला भाग बदलायचा) असेल तर तोही बघा. जुनी रबरी रिंग खोबणीत चिकटून राहते, तिच्यावर नवी बसवली की गळते. टोकदार दाभणाने काढायची.

एवढं करूनही डाग तेवढाच राहिला, किंवा क्लच घसरू लागला, तरच इंजिन उतरवा. मग मेन बेअरिंगचा गाळा (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) मोजून घ्या. विलायतेत या इंजिनासाठी मागच्या लिप सीलचं किट मिळतं, पण ते क्रँकच्या बरोबर मध्यावर बसलं नाही तर आताच्यापेक्षा जास्त गळेल.