शारदा सदनातील नायिकेच्या पत्रांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. 1890 नंतरच्या पुण्यात घडणारी एक कादंबरी मी लिहीत आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलवलेल्या शारदा सदन या मुख्यतः विधवांसाठीच्या निवासी शाळेत शिकणारी माझी बालविधवा नायिका मैत्रिणीच्या भावाच्या प्रेमात पडते. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाला मुभा होती, जरी त्यामुळे पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. परंतु तिला आधी स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आहे आणि मलाही तिला घाईने बोहल्यावर चढवायचे नाही. अशी स्त्री प्रेमपत्र बाळबोधीत (म्हणजे देवनागरी लिपीत) लिहील की मोडीत, आणि त्याला कसे संबोधेल? त्या काळातील स्त्रियांची खासगी पत्रे कोणी वाचली असल्यास कृपया सांगावे.