बुलेटच्या मागच्या चाकाचा आउट (फिरताना होणारी डगमग) निघत नाहीये, चुकतंय कुठे?

उजवा_गिअर, सातारा
नमस्कार मंडळी. वडिलांची उजव्या गिअरची जुनी बुलेट घरीच स्क्रॅम्बलर (कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी) करतोय. मागची 19 ची रिंग काढून 40 भोकांची 18 ची घातली. रिंग एक इंचाने लहान, म्हणून स्पोक जुन्यापेक्षा साडेबारा मिमी आखूड करून घेतले. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बाकावर उलटा बांधून त्यातच चाक फिरवतोय. तीन रात्री झाल्या. बाजूचा आउट काढला की चाक वरखाली उड्या मारतं, ते काढलं की परत बाजूला जातं. शिवाय चाक चेनकडे 7 मिमी सरकलंय. निपलही (स्पोक आवळायचे बारीक नट) रिंगमध्ये वाकडे दिसतात, स्पोक निपलमधून बाहेर पडतानाच वाकतो. दसऱ्याला वडिलांना याच गाडीवरून सज्जनगडावर न्यायचंय. कृपया सांगा.

चाकबांध्या, कोल्हापूर
जुनी रिंग खोलण्याआधी ऑफसेट (रिंग मधल्या हबपासून किती बाजूला बसते ते) मोजला होता का?

उजवा_गिअर
नाही काका. फोटो आहे, पण एकाच बाजूचा.

चाकबांध्या
बरं. मी 30 वर्षं हेच करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: सगळं खोल. निपल वाकडा बसला तर स्पोक आज ना उद्या आट्यांपाशी तुटणारच.

रिंगच्या भोकांकडे नीट बघ. प्रत्येक भोकाचा खळगा कलता असतो, एक डावीकडे तर पुढचं उजवीकडे, शिवाय थोडं पुढे किंवा मागे. भोकात नुसता निपल टाकून त्यात सुटा स्पोक फिरव, तो हबच्या कुठल्या फ्लँजकडे (स्पोक अडकवायच्या कडेकडे) बोट दाखवतो ते कळेल. तू बहुतेक एक भोक सरकून सुरुवात केलीस.

भरताना आधी ज्यांची दांडी फ्लँजच्या आतून जाते ते स्पोक, दोन्ही बाजूंचे. बाहेरचे नंतर, नाहीतर आतल्यांना वाट राहत नाही. आट्यांना तेल लाव. मग सगळे निपल आटे दिसेनासे होईपर्यंत सारखेच फिरव. इथे घाई केलीस तर पुढचे चार तास वाया.

तुझा क्रमही उलटा आहे. पहिला ऑफसेट, मग वरखाली, बाजूचा शेवटी. चाक चेनकडे असेल तर चेनकडचे सगळे अर्धा फेरा सैल, पलीकडचे तेवढेच घट्ट, मग मोज. वरखालीला जिथे रिंग वर येते तिथले दोन्ही बाजूंचे स्पोक पाव फेरा घट्ट, समोरासमोरचे तेवढेच सैल. वरखालीला पाव फेऱ्याच्या वर कधीच नाही. निपल टायरच्या बाजूने बघितला तर घड्याळाच्या दिशेने आवळतो, हबकडून पाना लावताना तेच उलटं दिसतं. रात्री थकल्यावर इथेच गल्लत होते.

मधूनमधून पान्याने स्पोक वाजव. टण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर सैल. शेवटी निपलच्या वर आलेली टोकं कानशीने सपाट कर, नाहीतर ट्यूब फुटेल.

घाटवाली, पुणे
एक भर घालते. माझ्या आरएक्स 100 चं चाक बांधून घेतल्यावर परत तपासलंच नव्हतं. खंबाटकीत टिकटिक ऐकू आली, थांबून बघितलं तर शेजारशेजारचे तीन स्पोक तुटलेले. पहिल्या 100 किमीनंतर सगळे वाजवून बघाच.

उजवा_गिअर
काका, एक भोकच सरकलं होतं! काल पुन्हा भरलं. निपल सरळ, ऑफसेट जागेवर, बाजूचा आउट अर्ध्या मिमीच्या आत. फक्त रिंगच्या सांध्यापाशी वरखाली 0.8 राहतोय, कितीही आवळलं तरी.

चाकबांध्या
तो वेल्डचा उंचवटा आहे, त्याच्याशी भांडू नकोस. तिथले स्पोक जास्त आवळलेस तर शेजारचे सैल पडतील. टायर चढव. आणि पुढच्या चाकाशी सुतळी धरून रांग बघ, मगच वडिलांना बसव.