जपानी अँप आणि सिरीज जोडणी

परदेशी अँप (अँप्लिफायर) आपल्या २३० व्होल्टवर कसा चालवायचा, असं धागाकर्त्यांनी विचारलंय. त्यावर आलेला 'दोन्ही प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरच्या, मेन्सची म्हणजे घरची वीज घेणाऱ्या गुंडाळ्या) सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, जोडा, झालं काम' हा सल्ला दोन प्रायमरी असलेल्या अमेरिकन अँपला ठीक आहे. १२० व्होल्ट अधिक १२० म्हणजे २४०, आपल्या २३० वर चालतं. फक्त मेन्सचा फ्यूज निम्म्या अँपिअरचा करायला विसरू नका.

पण धागाकर्त्यांच्या अँपमागे १०० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे तो जपानच्या घरगुती बाजारातला. त्यात बहुतेकदा प्रायमरी एकच असते. दोन असल्या तरी बेरीज २००च! त्यावर २३० दिले की ट्रान्सफॉर्मर घुमायला आणि तापायला लागतो, सेकंडरीचं (अँपच्या सर्किटला वीज देणाऱ्या गुंडाळीचं) व्होल्टेजही १५ टक्के चढतं. ६३ व्होल्ट मर्यादेचे फिल्टर कपॅसिटर (व्होल्टेज एकसारखं ठेवणारे) ५८ वर चालत असतील तर थेट ६७ वर जातात. असे फुगलेले कपॅसिटर मी स्वतः काढलेत, वरचं सपाट झाकण पार घुमटासारखं झालेलं.

कृपया २३०-१०० चा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, अँपच्या वॅटच्या दीडपट तरी व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची क्षमता), आणि आयसोलेशनवालाच, म्हणजे दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या असलेला. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्हीकडे एकच गुंडाळी असते; त्याची कॉमन (सामाईक) वायर तुटली तर २३० थेट अँपवर येतात. फ्रिक्वेन्सीची काळजी नको, टोकियोतही ५० हर्ट्झच आहे.