शब्दचर्चा: ‘दारूगोळावाहू’ की ‘दारूगोळा पुरवठा’?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक आघाडीवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात ‘ॲम्युनिशन शिप’ सारखं येतं. मी ‘दारूगोळावाहू जहाज’ लिहिलं, संपादकांनी त्याचं ‘शस्त्रवाहू नौका’ केलं. कोणतं ठेवू?

उत्तर: ‘शस्त्रवाहू’ नको. शस्त्र म्हणजे तोफ, आणि ती युद्धनौकेवर बसवलेलीच असते. भर समुद्रात संपतात ते गोळे. हा भेद मराठीत पक्का आहे. खडकीला दारूगोळा कारखाना आहे, पुलगावला दारूगोळा भांडार. ‘दारू’चा हा अर्थ जुना झाला असंही नाही. जत्रेत शोभेची दारू अजून उडते आणि मुंबईत रे रोडजवळ दारूखाना आहे. फक्त जोडशब्द तोडू नका. नुसतं ‘दारू’ राहिलं की वाचकाला मद्यच आठवेल.

मला खरी अडचण वाटते ती ‘वाहू’ची. मालवाहू, तेलवाहू, विमानवाहू हे शब्द एवढंच सांगतात की अमुक गोष्ट वाहून नेली जाते. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’वर सुमारे 1,400 टन स्फोटकं होती आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गासड्या. ते मालवाहू जहाज होतं, दारूगोळा हा त्या फेरीचा माल. त्या दिवसापुरतं त्याला ‘दारूगोळावाहू’ म्हटलं तर चालेल.

त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला न्यू गिनीजवळच्या मानुस बेटाच्या सीॲडलर बंदरात अमेरिकी नौदलाची ‘माउंट हूड’ फुटली. तिचं कामच आरमाराला दारूगोळा पोचवण्याचं. पोटात सुमारे 3,800 टन माल होता आणि बाजूला लागलेल्या होड्यांशी त्याची चढ-उतार चालू होती. जहाजावरचं कोणीही वाचलं नाही. वाचले ते सकाळी किनाऱ्यावर गेलेले तिचे 18 जण. आसपासच्या जहाजांवरचे धरून 372 माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. हे दोन्ही स्फोट एकाच शब्दात बसवले, तर एक व्यापारी जहाज होतं आणि दुसरी नौदलाची पुरवठ्याची नौका, हे वाचकाला कळणारच नाही. नावही बघा. माउंट हूड हा ओरेगॉनमधला ज्वालामुखी. या जातीच्या कितीतरी अमेरिकी नौकांना ज्वालामुखींचीच नावं दिली गेली: वेसूव्हियस, मौना लोआ, सुरिबाची, किलाउइया. नाव देणाऱ्यांना पोटातल्या मालाची पुरती जाणीव होती.

म्हणून माझं मत ‘दारूगोळा पुरवठा नौका’. काम डोळ्यांसमोर आणलं की ‘पुरवठा’ का हवा ते पटतं. दोन नौका शेजारी शेजारी, एकाच वेगानं, मध्ये पन्नासेक मीटर पाणी ठेवून चालतात. मध्ये पोलादी दोर ताणलेला असतो आणि त्यावरून गोळ्यांचे गठ्ठे एकेक करून पलीकडे सरकतात. दोर ढिला पडला तर माल लाटेत जाईल, फार ताणला तर दोर तुटेल. 1945 च्या फेब्रुवारीत जपानच्या इवो जिमा बेटाजवळ ‘शास्ता’ या अमेरिकी नौकेनं दारूगोळा असा चालत्या नौकेवरून दिला. पुढे हेलिकॉप्टरही आली. नुसतं वाहून नेण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड.

प्रश्न: ‘नौका’ का, ‘जहाज’ का नाही? शिवाय दर वेळी तीन शब्द लांबलचक होतात.

उत्तर: वृत्तपत्री मराठीत नौदलाची ती युद्धनौका, विमानवाहू नौका, व्यापाऱ्याचं ते मालवाहू जहाज. हा संकेत उपयोगाचा आहे, तो मोडू नये. पहिल्या उल्लेखाला पूर्ण शब्द द्या, पुढे ‘दारूगोळा नौका’. ‘पुरवठा नौका’ एवढंच नको, कारण त्याच ताफ्यात तेल देणाऱ्याही असतात. आपल्या नौदलासाठी पाच मोठ्या नौका बांधायचा करार 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी झाला. त्या इंधन, पाणी, धान्य, दारूगोळा सगळंच देतील. त्यांना मी ‘रसद नौका’ म्हणेन. ‘रसद तोडली’ हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न: आणि बंदरातल्या लहान होड्या?

उत्तर: त्यांना ‘बार्ज’च म्हणा. ठाण्याच्या एका कंपनीनं नौदलासाठी अशा बार्ज बांधल्या, त्या मीरा-भाईंदरला पाण्यात उतरल्या. त्या दारूगोळा, पाणतीर आणि क्षेपणास्त्रं धक्क्याला लागलेल्या किंवा बाहेरच्या बंदरात उभ्या असलेल्या नौकांपर्यंत नेतात. ‘पाणतीर’ हा टॉर्पेडोसाठी सुंदर शब्द आहे, तो जरूर वापरा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाताना एकदा आमच्या लाँचसमोर अशीच एक बार्ज आली होती, काठीवर तांबडा बावटा, म्हणजे आत स्फोटक माल. तांडेलानं सुकाणू वळवलं आणि खलाशाला एवढंच म्हणाला, “बावटा हाय, लांबून घेऊ.” लेखात लाल निशाणाचा उल्लेख आला तर तिथे ‘बावटा’ लिहा.