मराठी मजकुरासाठी स्पॅमअसॅसिनचे स्वतःचे नियम कसे लिहावेत?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो आणि त्यावर स्पॅमअसॅसिनची (प्रत्येक पत्राला नियमांनुसार गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या गाळणीची) ४.० आवृत्ती आहे. हंगाम तोंडावर आला की ‘बिनव्याजी कर्ज’, ‘अनुदान मंजूर, आजच शुल्क भरा’ अशा मजकुराच्या फसव्या मराठी पत्रांची रीघ लागते, आणि त्यांतील बरीचशी, ज्यापुढे पत्र स्पॅम ठरते त्या ५ गुणांच्या मर्यादेखाली राहत असल्यामुळे थेट सभासदांच्या इनबॉक्समध्ये पोहोचतात. अडचण अशी की बँकेची आणि फळपीक विम्याची खरी पत्रेही याच शब्दांत येतात. ‘कर्ज’ आणि ‘अनुदान’ या शब्दांना प्रत्येकी ३ गुण द्यावेत असा विचार आहे. परंतु एखाद्याचे विम्याचे पत्र अडकून मुदत टळली तर नुकसान त्या बागायतदाराचे होईल, म्हणून आधी विचारतो आहे.

उत्तर (चिपळूण)

एकेका शब्दाला ३ गुण कृपया देऊ नका. दोन्ही शब्द असलेले बँकेचे पत्र त्याच क्षणी ६ गुणांवर जाईल. शब्द हा पुरावा नसून केवळ संशय आहे, आणि संशय मोजण्यासाठी उपनियमांची सोय आहे. ज्या नियमाचे नाव दोन अंडरस्कोअरने सुरू होते त्याला स्वतःचे गुण मिळत नाहीत. तो लागू झाला की नाही एवढेच नोंदले जाते. असा एक उपनियम कर्ज-अनुदानाच्या शब्दांसाठी, दुसरा ‘शुल्क भरा’सारख्या पैसे मागणाऱ्या वाक्यांसाठी आणि तिसरा उत्तराचा पत्ता फुकटच्या मेलसेवेचा असण्यासाठी लिहा. तिन्ही एकत्र आले तरच गुण देणारा मेटा नियम त्यांवर उभारा. बँक पत्राच्या उत्तरासाठी फुकटच्या सेवेचा पत्ता देत नाही, त्यामुळे खरे पत्र यातून सुटते.

मेटा नियमालाही सुरुवातीला ०.०१ इतकेच गुण ठेवा आणि काही आठवडे पत्रांच्या शीर्षनोंदीत तो कुठे कुठे उमटतो ते पाहा. गुण लिहायचे राहून गेले तर स्पॅमअसॅसिन आपणहून १ गुण धरतो, हे ध्यानात असू द्या. सर्व नियम लोकल.सीएफ या फाइलीत ठेवावेत, म्हणजे अधिकृत नियमांच्या अद्ययावतीकरणात ते पुसले जात नाहीत.

उत्तर (अलिबाग)

वरील रचना योग्यच आहे, पण देवनागरी शब्दांचे नियम लिहिताना जे प्रत्यक्ष अडते त्याबद्दल सविस्तर लिहितो. स्पॅमअसॅसिन मजकूर यूटीएफ-८ (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) च्या बाइटांमध्ये तपासतो आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते. म्हणून शब्दाची सीमा दाखवणारी, इंग्रजी नियमांत सर्रास वापरली जाणारी खूण मराठी शब्दाभोवती लावली, तर लिंट तपासणीत (नियम लिहिताना चूक झाली आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत) काहीही दोष दिसत नाही, पण नियम मात्र कधीच लागू होत नाही. चौकटी कंसात अक्षरे लिहूनही उपयोग नाही, कारण तिथे अक्षर नव्हे तर सुटे बाइट जुळवले जातात. त्याऐवजी गोल कंसात उभी रेघ देऊन (क|ख) असे पर्याय लिहावेत.

सीमा नसली की दुसराच प्रश्न उभा राहतो. /कर्ज/ हा नियम आमच्या जिल्ह्यातील कर्जत गावाच्या प्रत्येक पत्त्यावर लागू होईल. म्हणून /कर्ज(?!त)/, म्हणजे ‘पुढे त नसलेले कर्ज’, असे लिहा, ‘कर्जाची’, ‘कर्जासाठी’ ही रूपे त्यात तरीही सापडतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द तर या फसव्या पत्रांत हटकून असतो, पण त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डांवरून वेगवेगळ्या चिन्हक्रमाने टंकला जातो आणि दिसतो मात्र एकसारखाच. खऱ्या आलेल्या पत्रांतून दोन्ही रूपे उचलून पर्याय म्हणून द्यावीत. बॉडी प्रकारच्या, म्हणजे पत्राचा मजकूर तपासणाऱ्या, नियमात विषयाची ओळही तपासली जाते, तिच्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

प्रश्नकर्ता (देवगड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कर्जतचा मुद्दा माझ्या ध्यानात आलाच नसता, कारण तिथले खरेदीदार आमच्याकडे नियमित पत्रव्यवहार करतात. बँक आणि विमा कंपनी यांचे पत्ते सरळ विश्वासू यादीत टाकले तर चालेल का?

उत्तर (चिपळूण)

नुसता पत्ता टाकून नाही. साध्या यादीत प्रेषकाचा पत्ता जसा लिहिला असेल तसा खरा मानला जातो, आणि बँकेच्या नावाने पत्र पाठवणारा ठग नेमका तोच पत्ता लिहितो. मग त्याला उणे १०० गुणांची सूट मिळते. त्याऐवजी वेलकमलिस्ट-ऑथ ही आज्ञा वापरा, जी एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरोखर त्या प्रेषकाच्या डोमेनकडूनच आले का हे तपासण्याच्या पद्धती) पडताळणी उत्तीर्ण झाली तरच सूट देते. मेटा नियमाचे अंतिम गुण मी २.५ च्या पुढे नेणार नाही. संशयित पत्र नाकारण्याऐवजी स्पॅमच्या फोल्डरात ठेवा, म्हणजे सभासदाला ते स्वतः पाहता येईल. आणि बदल केल्यावर आधी लिंट चालवून मगच सेवा पुन्हा सुरू करा, कारण चालू असलेली सेवा नवे नियम आपोआप वाचत नाही.